स्लाइड मिटली, पण बसली का?

राहत्या ट्रेलरची स्लाइड, म्हणजे मुक्कामाला भिंतीतून बाहेर सरकवायची छोटी खोली, आत घेताना मोटरचा आवाज थांबला की बटणावरचा हात निघतो आणि मंडळी जॅक उचलायला बाहेर पळतात. पण मोटर थांबते ती तीन कारणांनी: खोली पुरती आत आली म्हणून, मध्ये काही अडकलं म्हणून, किंवा बॅटरीने मान टाकली म्हणून. आत उभं राहून बघितलं तर तिन्ही वेळा चित्र एकच दिसतं. टोइंगच्या सगळ्या तयारीची यादी इथे देत नाही. फक्त स्लाइड, आणि गाडी हलण्याआधी ती पक्की कशी करायची, एवढंच.

अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर भाड्याने घेतलेला ट्रेलर असो, नाहीतर इकडे इंदूरजवळ पीथमपूर-देवास पट्ट्यात कुणी हौसेने बांधून घेतलेली कॅरव्हॅन असो, यंत्रणा त्याच तीन-चार. फरक इतकाच की आपल्याकडे स्लाइडवाल्या गाड्या मोजक्या, त्यामुळे बिघडलीच तर ‘वाटेत दाखवून घेऊ एखाद्या गॅरेजात’ हा मार्ग जवळजवळ बंद.

आधी रस्त्यावर स्लाइडला बाहेर ओढतं कोण ते बघू. सोफा, जेवणाचं टेबल आणि कधीकधी फ्रिजही पोटात घेतलेली खोली सहज ४०० किलोची भरते. वळण जरा वेगात घेतलं आणि वजनाच्या तीन दशांश एवढा आडवा जोर आला, तर ती १२० किलोच्या जोराने बाहेर जाऊ पाहते. वळण उजवं असेल तर डाव्या भिंतीतली, डावं असेल तर उजवीकडची. इंदूरहून खंडव्याला निघालात की सिमरोलच्या पुढे भेरूघाट, मुंबईकडे निघालात की मानपूरनंतरचा उतार. म्हणजे ओंकारेश्वर काय किंवा महेश्वर काय, स्लाइडची परीक्षा पहिल्या तासाभरातच होते. वर गावोगावचे बिनरंगाचे स्पीड ब्रेकर. गिअरच्या दातांत थोडी मोकळी जागा असतेच, प्रत्येक हादऱ्याला ती पुढेमागे होते. स्लाइडच्या मोटरचा ब्रेक धरून असेल तर खोली जागच्या जागी थरथरते. ब्रेक घसरत असेल तर दर हादऱ्याला ती जराशी बाहेर सरकते आणि परत येत नाही.

आणि स्लाइड ९० सेंटिमीटर बाहेर आली तर २.६ मीटर रुंद गाडी साडेतीन मीटरची होते. आपल्या मोटार वाहन नियमांत रुंदीची कमाल मर्यादा २.६ मीटर आहे. अमेरिकेतली ८ फूट ६ इंचांची मर्यादाही जवळपास तेवढीच. समोरून येणारा ट्रकवाला त्याच हिशेबाने जागा सोडतो.

तुमची स्लाइड कोणत्या जातीची आहे ते एकदा खाली वाकून आणि एकदा भिंतीच्या कडेला डोळा लावून बघून ठेवा. चॅसिसखालून दोन जाड लोखंडी बाह्या बाहेर येत असतील आणि त्यांना खालून दाते असतील, तर ती रॅक-पिनियन. एकच मोटर, एकच आडवा शाफ्ट, आणि दोन्ही टोकांना पिनियन, म्हणजे त्या दात्यांत बसणारं छोटं दातेरी चाक. हिला धरून ठेवतो तो मोटरच्या शेपटाला असलेला ब्रेक. त्या ब्रेकला छोटी खिट्टी असते. हाताने खोली ओढायची असेल तर खिट्टी फिरवून ब्रेक सोडतात, मग शाफ्टच्या षटकोनी टोकाला पाना लावून फिरवतात. खोली आत आली, पाना पेटीत गेला, सगळे चहाला गेले, आणि खिट्टी तशीच राहिली, हा या यंत्रणेतला सर्वांत नेहमीचा घोळ. ब्रेक सोडलेली स्लाइड म्हणजे उतारावर न्यूट्रलमध्ये उभी केलेली गाडी. सपाटीवर काही कळत नाही.

दुसरी जात भिंतीत दडलेली. स्लाइडच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसतात. तिला सगळे श्विन्टेक म्हणूनच ओळखतात. हिला दोन लहान मोटर, एकेका बाजूला एकेक, आणि दोघींना एका चालीत ठेवणारा कंट्रोलर. हा कंट्रोलर खोलीची दोन टोकं ओळखतो ती मोटर अडून थांबल्यावरून. म्हणून इथे नियम एकच: बटण दाबलं की दोन्ही मोटर आपणहून बंद पडेपर्यंत सोडायचं नाही. ‘आली की आत, बास’ म्हणून दोन इंच आधी बोट काढणाऱ्यांच्या स्लाइड काही फेऱ्यांनी तिरक्या चालायला लागतात, कारण एका बाजूचा हिशेब दुसऱ्या बाजूशी जुळेनासा होतो. आणखी एक: हिला वेगळी ब्रेकची खिट्टी नसते. मोटर कंट्रोलरला जोडलेल्या असतात तोवरच खोली धरून राहते. तारा काढून खोली हाताने ढकलली असेल तर निघण्याआधी त्या तारा परत जोडायलाच हव्यात.

तिसरी केबलवाली. एक मोटर, साखळी, आणि चारही कोपऱ्यांकडे पुलींवरून गेलेल्या पोलादी दोऱ्या. एक कोपरा नीट बसत नसेल तर बहुधा त्या कोपऱ्याची दोरी सैल झालेली असते. दोरीचा एखादा धागा सुटून उभा राहिलेला दिसला तर ती बदलेपर्यंत लांब जाऊ नका. चौथी हायड्रॉलिक, मोठ्या गाड्यांत. तिच्यात पंपाचं तेल बघायचं ते सगळ्या स्लाइड आत असताना. बाहेर असताना तेल सिलिंडरांत गेलेलं असतं, टाकी रिकामी वाटते, माणूस ओतत बसतो, आणि स्लाइड आत घेतली की जास्तीचं तेल टाकीतून उतू जातं.

आता जमीन. माळव्याची काळी माती हा स्लाइडचा खरा शत्रू, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात दगडासारखी लागते म्हणून लोक जॅक थेट मातीवर टेकवतात. रात्री एक सर आली की सकाळी एक कोपरा बोटभर खचलेला. ट्रेलरची चौकट तेवढी पिळवटते, भिंतीतलं भोक चौकोनी राहत नाही आणि खोली मात्र चौकोनीच असते. मग वरचा एक कोपरा घासतो, मोटर जास्त करंट ओढते, आणि दोष मोटरला मिळतो. चारही जॅकखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीचे फळकुट ठेवा. निघायच्या दिवशी स्लाइड ओढण्याआधी पाणसळ परत लावा, आधी आडवी, मग उभी. आल्या दिवशी लेव्हल बरोबर होती हा काही पुरावा नाही. स्लाइड आत घ्यायची ती जॅक खाली टेकलेले असतानाच. जॅक उचलणं त्यानंतर. तुमच्या मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा दिला असेल तर मॅन्युअलचं ऐका, काही कंपन्यांच्या चौकटींचा हिशेब निराळा असतो.

बॅटरीकडे बघा. भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर पंखे आणि पंप चालवून सकाळी १२.१ वर आलेल्या बॅटरीवर स्लाइड ओढाल तर चालू असताना व्होल्टेज ११ च्या खाली जातं, मोटर शेवटच्या दोन इंचांत थकते, आणि स्लाइडच्या कडेची फट बुजवणारं रबर दाबून बसवायला नेमका तिथेच सगळ्यांत जास्त जोर लागतो. ओढणाऱ्या गाडीचं इंजिन चालू करून तिचा प्लग जोडला की भागेल असं पुष्कळांना वाटतं. नाही भागत. त्या प्लगमधली चार्जिंगची तार बारीक असते, चार-दोन अँपियर देते. स्लाइडला लागतात कितीतरी जास्त. चार्जर असेल तर अर्धा-एक तास आधी लावून ठेवा, आणि बाहेरची वीज तोडण्याआधी स्लाइड आत घ्या. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर आधी ती कोमट पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुवा. फ्यूज किंवा ब्रेकर वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायच्या भानगडीत पडू नका, कारण तो उडतो तो तुमच्या तारांना वाचवायला.

छतावर जाऊन झाडून घ्या, आणि हे काम शिडी लावूनच होतं, खालून बांबूने नाही. कडुनिंबाखाली गाडी उभी केली असेल तर काड्या आणि पानं स्लाइडच्या माथ्यावर साचतात. बाभळीखाली केली असेल तर काटे. माथ्यावरचा कचरा आत येताना रबरच्या ओठाखाली शिरतो. पान निघून जातं, बाभळीचा काटा रबरात आडवा बसतो आणि बोटभर लांबीची चीर पाडतो. ती चीर पावसाळ्यापर्यंत कुणाला दिसत नाही. पाऊस पडून गेला असेल तर माथ्यावरचं पाणी वायपरने ओढून काढा. नाहीतर तो सगळा तांब्या सोफ्यामागे ओतला जातो आणि आतली प्लाय फुगते.

आत जमिनीवर बसून एकदा स्लाइडच्या कडेने हात फिरवा. शेवेचा तुकडा चालेल, खडा चालणार नाही. खोलीच्या तळाशी रोलर असतात, त्यांच्याखाली आलेला वाटाण्याएवढा खडा विनाइलच्या फरशीवर शेवटपर्यंत रेघ ओढत जातो. समोरच्या कपाटांची दारं आणि ड्रॉवर लावलेले, खुर्च्या घडी करून बाजूला, फ्रिजचं दार अडकवलेलं. मुलं कुठे आहेत ते नावानिशी मोजा. स्लाइडमधली शेल्फं रिकामी करायची गरज नसते, पण फराळाचे डबे आणि पाण्याचे जार तिथे ठेवले असतील तर ते धुऱ्याच्या वर, ट्रेलरच्या मधल्या भागात खाली उतरवा. खोलीचं वजन जितकं कमी तितका वळणावरचा जोर कमी, आणि २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलो.

आता आत घेणं. एक माणूस बटणावर, एक बाहेर. बाहेरच्याचं काम ‘आन दे, आन दे भिया’ ओरडणं नाही, दोन्ही कडांवर नजर ठेवून एक कडा दुसरीच्या मागे राहिली तर ‘थांब’ म्हणणं हे आहे. घरातल्या काकू या कामाला उत्तम, कारण त्यांना थांब म्हणायला संकोच वाटत नाही. एक बाजू थांबली आणि दुसरी येत राहिली तर बटण ताबडतोब सोडा. रॅक-पिनियनमध्ये याचा अर्थ बहुधा आडव्या शाफ्टवरच्या कपलिंगचा बोल्ट तुटलाय. जोर लावत राहिलात तर चालणारी बाजू न चालणाऱ्या बाजूला पिळते आणि बाही वाकते. एकदम पूर्ण आत घ्या. थांबत थांबत, मागे-पुढे करत घ्यायची गोष्ट ही नाही.

आत आली की बाहेर जा. ही पायरी लोक सोडतात, आणि नेमकी हीच महत्त्वाची. स्लाइडच्या बाहेरच्या पट्टीत आणि गाडीच्या भिंतीत किती फट आहे ती चारही कोपऱ्यांवर मेजरिंग टेपने मोजा. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. आमचा ठोकताळा असा की ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर परत एकदा बाहेर काढून आत घ्यायची, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर कारण शोधल्याशिवाय निघायचं नाही. वरचा एक कोपरा उघडा असेल तर लेव्हल किंवा केबल. खालचे दोन्ही कोपरे उघडे असतील तर रोलरखाली काहीतरी. एक पूर्ण बाजू उघडी असेल तर त्या बाजूची मोटर किंवा पिनियन. मग तळहात कोपऱ्यावर ठेवून धक्का द्या, गाडीचं दार बसलंय का बघताना देतो तेवढाच. रबर दबल्यासारखं लागलं तर ठीक. ‘ठक्’ आवाज आला तर खेळ आहे. रबरचा बाहेरचा ओठ सगळीकडे एकाच दिशेला वळलेला हवा. कुठे आत दुमडला असेल तर प्लास्टिकची पट्टी घालून बाहेर काढा, स्क्रू ड्रायव्हर नको.

यानंतर दांडे, म्हणजे आत आलेली स्लाइड वाटेत बाहेर सरकू नये म्हणून लावायचे टेकू. लांबी कमी-जास्त करता येणारे हे दांडे बाजारात मिळतात आणि अर्धे लोक ते उलटे लावतात. स्लाइडच्या आतल्या तोंडाला भोवती एक लाकडी चौकट असते. काहीजण दांडा या चौकटीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ठोकून बसवतात. जरा विचार करा: खोली जाऊ पाहते बाहेर. समोरच्या भिंतीवरून टेकू दिला तर तुम्ही तिला बाहेरच ढकलताय. दांडा बसतो तो स्लाइडच्याच कुशीला, म्हणजे ज्या भिंतीत स्लाइडचं भोक आहे त्या भिंतीच्या आतल्या बाजूला एक टोक, आणि चौकटीच्या मागच्या अंगाला दुसरं टोक. खोली बाहेर निघाली की चौकट भिंतीकडे येऊ लागते आणि दांडा तिला अडवतो. स्लाइडच्या दोन्ही बाजूंना एकेक, शक्यतो सारख्याच उंचीवर. टोकं टेकतील तिथे भिंतीत मागे पट्टी किंवा खांब असायला हवा. पोकळ प्लायवर टेकलेला दांडा पहिल्याच घाटात भोक पाडतो. हाताने घट्ट, मग पाव फेरा. त्याहून पिळलं तर चौकटीचे कोपरे उघडतात.

दांडे नसतील तर चार बाय दोनचं लाकूड घ्या, बरोबर त्या अंतराइतकं. तीन मिलिमीटर जास्त कापून रंधा मारत मारत बसवलं की घट्ट बसतं. टोकांना जुन्या ट्यूबचं रबर चिकटवा. मोजमाप स्लाइड पूर्ण आत असतानाच घ्यायचं, आणि कोणता तुकडा कोणत्या बाजूचा ते त्यावर लिहून ठेवा. लाकूड वखारीत, बाकीचं सगळं इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं. मात्र मॅन्युअल दांडे लावू नका म्हणत असेल तर लावू नका. आणि ब्रेक घसरत असेल तर दांडा हा उपाय नाही. तो घरी पोहोचण्यापुरता आहे.

दांडे लावले की स्लाइडच्या बटणावर लाल फडकं बांधा. दांडा तसाच ठेवून बटण दाबलं तर मोटर चौकट तोडते, आणि हे हमखास दुसराच कुणीतरी करतो, ज्याला दांड्यांचं माहीतच नसतं. बटणाला चावी किंवा बंद करायचा खटका असेल तर तोही वापरा.

निघण्याआधी शेवटची गोष्ट दोन रुपयांची. मास्किंग टेपचा एक तुकडा बाहेरून स्लाइडच्या पट्टीवर आणि भिंतीवर मिळून आडवा चिकटवा, पुढे एक, मागे एक. पंधरा-वीस किलोमीटरवर पहिल्या चहाला थांबलात की बघा. टेप ताणलेली, फाटलेली किंवा एका बाजूने उचललेली असेल तर खोली हलली आहे. घाट उतरल्यावर परत बघा. आरशातून एवढा बारीक फरक दिसत नाही.

हललेली आढळली तर कडेला मोकळी जागा शोधा, चाकांना ठोकळे लावा, आणि आधी ब्रेकची खिट्टी बघा. ती लागलेली असेल आणि तरी खोली सरकत असेल तर बटणाने आत घ्या, दांडे लावा, वेग ४० च्या आत ठेवा. बटणच चालत नसेल तर रॅक-पिनियनला पाना आहेच. श्विन्टेकमध्ये बटण सहा वेळा पटपट दाबायचं आणि सातव्यांदा दाबून धरायचं, म्हणजे कंट्रोलर चालींचा मेळ बाजूला ठेवून मोटर नुसत्या फिरवतो. या अवस्थेत दोन्ही कडा तुम्हालाच सांभाळायच्या असतात, म्हणून बाहेर दोन माणसं हवीत. तेही नाही जमलं तर दोन्ही मोटरच्या तारा काढून दोन्ही टोकांना माणसं उभी करून दोन्हीकडून एकाच वेगाने ढकलायचं, आणि तारा परत जोडायच्या.

ग्रीसबद्दल वाद होतील, तरी लिहितो. दातेरी पट्ट्यांना ग्रीस फासू नका. निमाडची धूळ त्यात बसते आणि पंधरा दिवसांत त्याचं पॉलिश पेपर होतं. सुकं वंगण, म्हणजे टेफ्लॉनचा स्प्रे, आणि त्याआधी ब्रशने धूळ झाडून. रबरला डिझेलचा बोळा फिरवायचा आपल्या मिस्त्रींचा आवडता इलाज तर अजिबात नको: हे रबर बहुतेक ईपीडीएम असतं, पेट्रोल-डिझेल-ग्रीस लागलं की फुगतं आणि ढिलं पडतं. सिलिकोनचा स्प्रे फडक्यावर मारून पुसा. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचं रबर रंगाला चिकटतं. असं झालं असेल तर उघडण्याआधी कडेने प्लास्टिकची पट्टी फिरवून सोडवा.

मुक्कामाला पोहोचल्यावर उलटा क्रम. लेव्हल, जॅक, मग दांडे काढणं आणि ते मोजून पेटीत टाकणं, आतलं काही पडून स्लाइडच्या वाटेत आलंय का बघणं, आणि सगळ्यांत शेवटी बटणावरचं फडकं सोडणं.